स्टेंटच्या आत काय वाढलं? एका पॅटर्नमेकरच्या धमनीचा प्रकरण अभ्यास

"वन्सं म्हंत्यात, तुझ्या रश्श्यानंच झालं हे."

काकू हे बोलल्या तेव्हा काका पलीकडच्या खोलीत ईसीजीच्या टेबलावर होते. आवाज खाली, नजर पदराच्या टोकाकडे. आठ महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या हृदयधमनीत जाळी, म्हणजे स्टेंट, बसवली होती आणि आता तीच जागा पुन्हा तटली होती. घरात निकाल लागून गेला होता: पथ्य मोडलं असणार, आणि पथ्य कोणाच्या हातात? स्वयंपाक करणारीच्या.

हे प्रकरण लिहायला घेतलं ते त्या वाक्यामुळे. वैद्यकीयदृष्ट्या यात दुर्मीळ काही नाही. साध्या धातूचा स्टेंट, मधुमेह, सात-आठ महिन्यांत त्याच जागी पुन्हा अरुंदपणा, असे रुग्ण त्या काळात आम्ही सगळ्यांनीच पाहिले. पण धमनीच्या भिंतीत नेमकं काय घडतं हे रुग्णाच्या घरापर्यंत कधी पोहोचत नाही आणि न पोहोचल्यामुळे दोष भलत्याच माणसावर जातो. रुग्णाच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हकीकत

काका ५६ वर्षांचे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लाकडी पॅटर्न बनवण्याचं छोटं वर्कशॉप. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: फाउंड्रीत वाळूच्या साच्यात लोखंड ओततात, आणि तो साचा उठवण्यासाठी आधी ती वस्तू हुबेहूब लाकडात घडवावी लागते. तो पॅटर्न. हे काम करणाऱ्याच्या डोळ्याला अर्धा मिलिमीटर दिसतो. पुढे या गोष्टीचा मला फार उपयोग झाला.

मधुमेह अकरा वर्षांपासून. तंबाखू वीस वर्षं, ती पहिल्या अँजिओप्लास्टीनंतर सुटली. जानेवारी २०१६ मध्ये रंकाळ्यावर सकाळी फिरताना छातीत दाब आला, डाव्या दंडात कळ गेली. एका रुग्णालयात अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी डावी उतरती धमनी, म्हणजे आमच्या भाषेत एलएडी, मधल्या भागात ८५ टक्के अरुंद होती. २.७५ मिलिमीटर व्यासाचा आणि २३ मिलिमीटर लांबीचा साधा, औषध नसलेला स्टेंट बसवला गेला.

साधा का? कारणं दोन. हर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं होतं, आणि औषधी, म्हणजे वर औषधाचा लेप असलेला, स्टेंट बसवला तर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या तेव्हा अनेक महिने थांबवता येत नसत. दुसरं कारण पैसा. रेशनकार्ड पांढरं, त्यामुळे सरकारी योजनेत नाव बसत नव्हतं, आणि औषधी स्टेंटची किंमत तेव्हा बऱ्याचदा लाखाच्या घरात जायची. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने दर बांधले ते १३ फेब्रुवारी २०१७ ला: साधा ७,२६० रुपये, औषधी २९,६०० रुपये. काकांची अँजिओप्लास्टी त्याच्या तेरा महिने आधीची. बारीक धमनी, लांबवर अरुंद झालेला भाग आणि मधुमेह अशा माणसाला साधा स्टेंट हा जोखमीचा पर्याय होता, हे माझं स्पष्ट मत आहे. पण त्या दिवशी त्या घरापुढे जे होतं, त्यात तो निर्णय कसा झाला हेही मला कळतं.

सहा महिने उत्तम गेले. हर्निया एप्रिलमध्ये उरकला. काकूंनी घरातलं मटण बंद केलं, तांबडा नाही, पांढरा नाही, भाजीत तेल चमच्याने मोजून. काका सकाळी पाच किलोमीटर चालायचे. श्रावणात षष्ठीला जोतिबाला गेले आणि पायऱ्यांवर मध्येच थांबावं लागलं. तोच दाब, तोच दंड. सप्टेंबरमध्ये माझ्याकडे आले.

तपासणीत काय सापडलं

ट्रेडमिलवर दुसऱ्या टप्प्यातच ईसीजी बदलला. इकोत हृदयाची ताकद चांगली. रक्ताच्या रिपोर्टमधले दोन आकडे मी काकूंसमोर गोल करून ठेवले. पहिला, एलडीएल कोलेस्टेरॉल ६४. स्टेंट बसलेल्या माणसात ७० च्या खाली असावं अशी तेव्हा आमची अपेक्षा असायची, म्हणजे पथ्य आणि स्टॅटिनची गोळी दोन्ही चोख चालली होती. दुसरा, एचबीए१सी ९.४. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा हा आकडा सातच्या आसपास हवा होता.

"साखर तर घरात आणतच न्हाई," काकू म्हणाल्या. "चहा गुळाचा. दुधात गूळ. भाकरीसंगं गूळ."

कोल्हापुरात हे रोज ऐकायला मिळतं. गूळ आपला, ओळखीच्या गुऱ्हाळावरचा, केमिकलविरहित, म्हणून तो चालतो. मटणाची जागा गुळाने घेतली होती. रक्ताला मात्र गूळ आणि साखर यांतला फरक जवळजवळ कळत नाही. दोन्हींत मुख्यतः सुक्रोजच.

अँजिओग्राफीत स्टेंटच्या जवळजवळ पूर्ण लांबीत धमनी आतून अरुंद झालेली दिसली, सर्वांत वाईट जागी ८० टक्के. अँजिओग्राफी म्हणजे पोकळीची सावली. पोकळी कमी झाली एवढंच ती सांगते. कशाने भरली ते सांगत नाही. म्हणून ओसीटी केलं. टोकाला प्रकाश सोडणारी अगदी बारीक नळी धमनीत सरकवून मागे ओढतात आणि भिंतीचे आडवे छेद पडद्यावर उमटतात. दहा ते पंधरा मायक्रॉनपर्यंतचा फरक दिसतो.

ते चित्र मी काकांना नंतर लॅपटॉपवर दाखवलं. बाहेरच्या बाजूला स्टेंटच्या तारांचे ठळक ठिपके, वर्तुळात मांडलेले, प्रत्येकाच्या मागे काळी सावली. या ठिपक्यांच्या आत मऊ उजेडाचा एकसारखा थर, जणू भिंतीला आतून जाड गिलावा केला आहे. आणि मधोमध उरलेलं काळं भोक, एका बाजूला सरकलेलं. स्टेंटच्या आतली जागा ४.९ चौरस मिलिमीटर, भोक १.४. स्टेंटचं एक टोक मुळातच थोडं कमी फुललेलं होतं, हेही दिसलं.

चरबीचा साठा असता तर ओसीटीत तो गडद, कडा विरलेला दिसतो. कॅल्शियम असतं तर कडा धारदार असती. इथे तसं काही नव्हतं. एकसंध, उजळ थर हे गुळगुळीत स्नायूपेशी आणि त्यांनी विणलेलं जाळं यांचं चित्र आहे.

काका पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "जाळी जागेवरच हाय की. कोअर सरकल्यासारखं भोक झालंय. पण हे आतलं मटेरियल आलं कुठनं?"

(कोअर म्हणजे ओतीव वस्तूत पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवतात तो ठोकळा.) याहून नेमका प्रश्न मला कुणा रुग्णाने विचारलेला नाही.

भिंतीतली पेशी

उत्तर असं, की ते बाहेरून आलं नाही. भिंतीतूनच आलं.

धमनीच्या भिंतीचे तीन थर. आतलं अस्तर एका पेशीच्या जाडीचं. मधे स्नायूंचा थर. बाहेर धमनीला धरून ठेवणारं आवरण. मधल्या थरातल्या पेशी म्हणजे गुळगुळीत स्नायूपेशी, शाळेच्या पुस्तकात ज्यांना अरेखित स्नायू म्हटलेलं असतं. निरोगी माणसात या पेशी लांबट, चातीसारख्या, धमनीला वेढा घालून असतात. आकुंचन पावायचं, सैल व्हायचं, रक्तदाबाला हात द्यायचा, एवढंच त्यांचं काम. विभाजन क्वचितच. पोट भरलेलं असतं आकुंचनाच्या प्रथिनांनी: अल्फा ॲक्टिन, मायोसिन, कॅल्पोनिन.

हृदयाच्या स्नायूपेशीपेक्षा यांचं एक वेगळेपण आहे. हृदयातली पेशी मोठेपणी जवळजवळ कायमची ठरून जाते. ही ठरत नाही. जखम झाली की ती आकुंचनाचं काम सोडते, प्रथिनांचे धागे मोडते, आकार बदलते, विभाजन सुरू करते, सरकते, आणि स्वतःभोवती कोलॅजन आणि जेलीसारखे प्रोटिओग्लायकन ओतू लागते. चॅम्ली-कॅम्पबेल, कॅम्पबेल आणि रॉस यांनी १९७९ मध्येच या बदलाची सविस्तर मांडणी केली होती: एक आकुंचनशील रूप, एक निर्मितीशील रूप, आणि दोन्हींमधली ये-जा. आता एकेका पेशीची जनुकं वाचता येऊ लागल्यावर ही रूपं दोनच नाहीत हे कळलं आहे. पण स्टेंटच्या आत काय होतं ते समजायला ती जोडी पुरते.

हा बदल काही वेडेपणा नाही. धमनीला भोक पडलं तर कोणीतरी विणकाम करायला हवं, आणि भिंतीत हजर असणारी पेशी हीच. काकांच्या धमनीत तिने तिचं काम केलं. थांबली नाही, एवढंच.

आता ते कसं घडतं ते जरा सावकाश बघू, कारण या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

स्टेंट उघडण्यासाठी धमनीत फुगा फुगला, स्टेंट भिंतीत रुतला. अस्तराच्या पेशी सोलवटल्या. हे अस्तर शाबूत असताना ते नायट्रिक ऑक्साइड सोडत असतं, आणि तो वायू खालच्या स्नायूपेशींना शांत ठेवतो. ते थांबलं. उघड्या पडलेल्या भागावर प्लेटलेट चिकटल्या आणि त्यांनी पीडीजीएफ नावाचं वाढीचं प्रथिन ओतलं. ताणाने फुटलेल्या स्नायूपेशींनी आपल्या पोटातलं एफजीएफ हे तसलंच दुसरं प्रथिन सांडलं. पेशीभोवतीची पातळ चटई, जी तिला जागेवर बांधून ठेवते, ती विरघळवणारी विकरं सुटली. उंदराच्या मानेतल्या धमनीवर क्लोज आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये केलेल्या कामातून याचं वेळापत्रक मिळतं: मधल्या थरात पेशींचं विभाजन एक-दोन दिवसांत सुरू, चौथ्या दिवसाच्या सुमारास पेशी आतल्या बाजूला सरकू लागतात, पेशींची संख्या दोन आठवड्यांत स्थिरावते. त्यानंतर जाडी वाढते ती मुख्यतः त्यांनी विणलेल्या पदार्थाने. माणसात हेच सगळं महिन्यांच्या मापाने घडतं, म्हणून साध्या स्टेंटचा त्रास बहुधा सहा महिन्यांच्या आसपास डोकं वर काढतो. काकांचा श्रावण सातव्या महिन्यात आला.

पेशीच्या आत हुकूम कोण देतं? आकुंचनाच्या बहुतेक जनुकांपुढे डीएनएचा एक छोटा ठरावीक तुकडा असतो आणि त्यावर एसआरएफ नावाचं प्रथिन बसतं. गंमत अशी, की वाढीची जनुकं सुरू करतानाही हेच एसआरएफ लागतं. मग काय बनायचं ते ठरतं कशावर? सोबत कोण आहे त्यावर. २००१ मध्ये एरिक ओल्सन यांच्या प्रयोगशाळेत मायोकार्डिन हे प्रथिन सापडलं. ते एसआरएफला येऊन चिकटलं की आकुंचनाची जनुकं जोरात चालतात. पीडीजीएफचा निरोप आला की ईआरके या विकरामार्फत एल्क-१ नावाच्या दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चढतो, आणि ते एसआरएफवरची तीच जागा पकडतं. मायोकार्डिन बाहेर.

मी हे काकांना सांगत होतो तेव्हा त्यांनी मला मधेच थांबवलं. "म्हंजे मोल्डिंग बॉक्स त्योच. आत पॅटर्न दुसरा ठेवला." मोल्डिंग बॉक्स म्हणजे साच्याची वाळू ज्यात भरतात ती चौकट. मी तेव्हापासून विद्यार्थ्यांना हे असंच सांगतो.

पॅटर्न बदलणारा मुख्य मुकादम म्हणजे केएलएफ४ हे प्रथिन. पक्व पेशीला पुन्हा मूळ पेशी (स्टेम सेल) बनवणाऱ्या प्रसिद्ध चार घटकांपैकी हा एक. पेशीची ओळख सैल करणं हे त्याचं काम. शांत स्नायूपेशीत तो जवळजवळ नसतो. पीडीजीएफने तो चढतो, मायोकार्डिनला दाबतो, आणि आकुंचनाच्या जनुकांभोवती डीएनएची गुंडाळी घट्ट करवतो. त्याला आवर घालणारा एक छोटा आरएनए आहे, मायआर-१४५. शांत स्नायूपेशीत तो भरपूर असतो. भिंतीला इजा झाली की तो घसरतो, आणि केएलएफ४ मोकाट सुटतो. मायआर-१४५ आणि त्याचा जोडीदार मायआर-१४३ यांचं हे काम २००९ मध्ये पुढे आलं.

यात मला सर्वांत आशेची वाटणारी गोष्ट २०१३ मध्ये गॅरी ओवेन्स यांच्या गटाने दाखवली. रूप बदललेल्या पेशीत मायोसिनचं जनुक पूर्ण बंद असतं, तरी त्या जनुकापाशी डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनाभोवती गुंडाळलेला असतो, त्यावरची एक रासायनिक खूण पुसली जात नाही. पेशी आपलं मूळ विसरलेली नसते. जखमेचा गोंगाट शमला तर ती परत फिरू शकते.

मधुमेह या सगळ्यात तेल ओततो. जास्त साखरेत प्रथिनांना साखर चिकटून तयार होणारी संयुगं स्नायूपेशीवरच्या रेज नावाच्या, निरोप घेणाऱ्या प्रथिनाला (रिसेप्टरला) जागं करतात, जळजळीचे निरोप वाढतात, आणि अस्तराकडून येणारा नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो. मधुमेहींमध्ये स्टेंट पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण जास्त असतं, हे वर्षानुवर्षांच्या नोंदींतून पक्कं आहे. काकांच्या बाबतीत मी तीन गोष्टी धरतो: साधा स्टेंट, एका टोकाला कमी फुललेली जाळी, आणि ९.४. पांढरा रस्सा यादीत नाही.

अंगठ्यावरचा व्रण

काकूंना रेणूंची नावं सांगण्यात अर्थ नव्हता. काकांच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी एक जाड, उंचवटलेला, गुलाबीसर व्रण होता. पटाशी लागली होती, चार वर्षांपूर्वी. मी त्यांचा हात टेबलावर ठेवला आणि काकूंना त्यावर बोट फिरवायला सांगितलं.

"काकू, ही जखम भरली तेव्हा इथे मांस वर आलं. ते तुमच्या जेवणातून आलं का?"

"न्हाई. जखमंचंच ते."

"आत तेच झालंय. फुग्याने जखम केली, जाळीने ती उघडी ठेवली, आणि शरीराने ती भरली. गरजेपेक्षा जास्त भरली."

त्वचेत हे काम करतात त्या पेशी वेगळ्या घराण्यातल्या, पण जखम ओढून धरताना त्यांच्या अंगातही तेच अल्फा ॲक्टिन भरतं, त्यामुळे तुलना अगदीच लंगडी नाही. काकूंनी व्रणावरचं बोट बराच वेळ काढलं नाही. मग म्हणाल्या, "हे वन्संना तुमी फोनवर सांगतासा का?"

सांगितलं. स्पीकर लावून, काकूंच्या समोर.

एक गोष्ट इथे नीट बोलली पाहिजे, नाहीतर माझ्या लिहिण्याचा भलता अर्थ निघेल. पहिला ब्लॉक, जानेवारीतला, तो मेदाच्या रोगाचाच होता, आणि त्यात कोलेस्टेरॉल, तंबाखू, मधुमेह, सगळ्यांचा वाटा. तिथेही स्नायूपेशी निर्दोष नाही. पेशींना जन्मखूण देऊन त्यांचा माग काढणारे प्रयोग झाले तेव्हा कळलं, की उंदराच्या मेदगाठीतल्या स्नायूपेशींपैकी ८० टक्क्यांहून अधिक पेशींनी आपली ओळखीची प्रथिनं टाकून दिलेली असतात, म्हणून जुन्या रंगपद्धतीत त्या दिसतच नव्हत्या. काही तर चरबी गिळून भक्षकपेशींचा वेष घेतात. पण त्याच घराण्यातल्या दुसऱ्या पेशी गाठीवर मजबूत झाकण विणतात, आणि ते झाकण शाबूत असेल तोवर झटक्याचा धोका बराच कमी राहतो. म्हणून "स्नायूपेशींची वाढ थांबवा" हा सरसकट मंत्र नाही. स्टेंटच्या आत ती नको. गाठीच्या झाकणात ती हवी. त्यामुळे काकूंनी कमी केलेलं तेल वाया गेलं नाही. ६४ हा आकडा त्यांच्याच मेहनतीचा होता, आणि उरलेल्या धमन्यांना त्याचा उपयोग होतच राहणार होता.

औषध नेमकं काय करतं

१६ सप्टेंबर १९७७ ला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झुरिकमध्ये माणसाच्या हृदयधमनीत पहिला फुगा फुगवला. नुसत्या फुग्याने उघडलेल्या धमन्यांपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त काही महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायच्या. १९८६ मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये माणसात स्टेंट बसले. जाळीमुळे भिंत आत मिटणं थांबलं, पण पेशींची वाढ उलट जास्त झाली, कारण धातू भिंतीला सतत टोचत राहतो.

उत्तर मिळालं ते ईस्टर बेटाच्या मातीत. १९६४ च्या कॅनेडियन मोहिमेत गोळा केलेल्या नमुन्यांतल्या एका जिवाणूपासून रॅपामायसिन निघालं. ते वेगळं काढणाऱ्या गटाचे प्रमुख सुरेंद्रनाथ सेहगल, पंजाबात जन्मलेले, मॉन्ट्रियलमध्ये काम करणारे. बुरशीवरचं औषध म्हणून शोध सुरू झाला होता. पुढे कळलं की ते एमटॉर हे विकर अडवतं. एमटॉर अडलं की पी२७ नावाचा ब्रेक पेशीत टिकून राहतो आणि विभाजनाच्या उंबरठ्यावरच पेशी थांबते. स्नायूपेशीत याहून एक पाऊल पुढचं दिसतं: एमटॉर दबलं की तिची आकुंचनाची प्रथिनं परत येऊ लागतात. औषध तिला नुसती थांबवत नाही, घराकडे वळवतं.

हेच औषध सिरोलिमस या नावाने स्टेंटवर चढवलं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅव्हेल चाचणीत २३८ रुग्ण होते. सहा महिन्यांनी साध्या स्टेंटच्या गटात २६.६ टक्के धमन्या पुन्हा अरुंद, औषधी स्टेंटच्या गटात एकही नाही. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत आणि रोजच्या रुग्णांत तो शून्य शून्य राहिला नाही, पण फरक खरा होता. त्याची किंमतही होती: औषधाला स्नायूपेशी आणि अस्तरपेशी यांतला भेद कळत नाही. अस्तरही उशिरा भरतं, तोवर उघड्या धातूवर गुठळी होऊ शकते, म्हणून त्या दोन गोळ्या लांबवाव्या लागायच्या. काकांच्या हर्नियापुढे हाच पेच होता.

आम्ही काय केलं

पर्याय दोन: आत दुसरा, औषधी स्टेंट, किंवा औषध लावलेला फुगा. बारीक धमनीत धातूचा दुसरा थर मला नको वाटला, आणि त्याच जागेवरून एक उपशाखा निघत होती. फुगा निवडला. आधी टणक फुग्याने, १८ ॲटमॉस्फिअर दाबाने, कमी फुललेलं टोक नीट उघडलं. हे न करता औषध लावणं म्हणजे वाकड्या बॉक्सवर नवा पॅटर्न ठेवणं. मग पॅक्लिटॅक्सेल लावलेला फुगा मिनिटभर फुगवून धरला. पॅक्लिटॅक्सेल हे यू झाडाच्या सालीतून आलेलं, कर्करोगात वापरलं जाणारं औषध. पेशीतल्या सूक्ष्मनलिका ते गोठवतं. त्या नलिका मोडल्या-जोडल्या गेल्याशिवाय पेशीला ना विभागता येतं, ना सरकता. मिनिटभरात भिंतीत मुरलेलं औषध पुढचे काही आठवडे, म्हणजे पेशी बिथरण्याच्या नेमक्या काळात, तिथे टिकून राहतं. २००६ मध्ये जर्मनीतल्या ५२ रुग्णांवरच्या चाचणीत याच पद्धतीने पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण ४३ वरून ५ टक्क्यांवर आलं होतं.

शेवटच्या ओसीटीत भोक मधोमध आलं होतं, क्षेत्रफळ ४.६ चौरस मिलिमीटर.

गूळ बंद झाला. त्यावर घरात मटणापेक्षा जास्त वाद झाला, असं काकूंनी सांगितलं. मधुमेहाची औषधं बदलली, रात्रीचं इन्सुलिन सुरू केलं. सहा महिन्यांनी एचबीए१सी ७.१. रविवारी वाटीभर पांढरा रस्सा, तवंग बाजूला सारून, माझ्या परवानगीने परत सुरू झाला. ट्रेडमिल मार्च २०१७ मध्ये स्वच्छ आली.

त्याच पावसाळ्यात काका एक दिवस मोजपट्टी घेऊन आले. त्यांना मापं हवी होती: स्टेंटचा व्यास, भिंतीची जाडी, आधीचं भोक, नंतरचं भोक. "वीस पट मोठं करतो. श्रिंकेज धरायचं नाही ना? हे काय ओतायचं न्हाई." (ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा घेतात. ते श्रिंकेज.) पंधरा दिवसांनी सागवानाचा दंडगोल टेबलावर आला, उभा चिरलेला, कब्ज्यावर उघडणारा. आत तारेची जाळी बसवलेली आणि जाळीच्या आत एक सुटा, काढता-घालता येणारा थर.

तो थर वेगळ्या रंगात हवा होता म्हणजे रुग्णांना चटकन दिसेल, असं मी म्हणालो. काकांनी मान हलवली. थर हातात घेऊन भिंतीला लावून दाखवला. दोन्हींतल्या रेषा जुळत होत्या. एकाच ओंडक्यातून काढला होता.